संयुक्त अरब अमिरातीत नोकरी आणि वास्तव्य : भारतीयांसाठी नियम, हक्क व साहाय्य यंत्रणांची माहिती

संयुक्त अरब अमिरातीत ३५ लाखांहून अधिक भारतीय नागरिक वास्तव्यास असून, तेथील परदेशी समुदायांमध्ये भारतीयांचा समुदाय सर्वांत मोठा आहे. बांधकाम मजुरापासून परिचारिका, लेखापाल, अभियंते आणि व्यापाऱ्यांपर्यंत सर्व थरांतील लोक तेथे काम करतात. कोकणातील, विशेषतः रत्नागिरी व रायगड जिल्ह्यांतील, तसेच गोव्यातील अनेक कुटुंबांची दुसरी-तिसरी पिढी आखाती देशांत नोकरी करीत आहे. हा संबंध जुना आहे. १९५९ मध्ये भारताने आखाती प्रदेशातील चलनासाठी स्वतंत्र 'गल्फ रुपी' काढला होता आणि आज अमिराती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशात तो १९६६ पर्यंत वापरात होता. २ डिसेंबर १९७१ रोजी या संघराज्याची स्थापना झाली. अबुधाबी, दुबई, शारजा, अजमान, उम्म अल कुवेन, रास अल खैमा आणि फुजैरा या सात अमिराती त्यात आहेत.

नियम माहीत नसल्यामुळे येणाऱ्या अडचणी मात्र आजही कायम आहेत. भेट व्हिसावर नेऊन कामाला लावणे, पारपत्र काढून घेणे, कबूल केलेल्यापेक्षा कमी वेतन देणे आणि थकबाकी न देताच मायदेशी पाठवणे हे फसवणुकीचे नेहमीचे प्रकार आहेत. यातील बहुतेक गोष्टींना अमिरातीच्या कायद्यात स्पष्ट मनाई आहे. कायद्याचा लाभ मात्र ज्याची कागदपत्रे योग्य आहेत आणि ज्याला दाद कोठे मागावी हे ठाऊक आहे, त्यालाच वेळेवर मिळतो. म्हणूनच तेथील सुखकर वास्तव्याची तयारी भारतातूनच सुरू होते.

प्रस्थानापूर्वी : उत्प्रवास मंजुरी आणि भरती एजंट

परदेशी नोकरीसाठी होणारी भरती १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार नियंत्रित केली जाते. दहावी उत्तीर्ण नसलेल्या अर्जदारांचे पारपत्र सामान्यतः 'ईसीआर' वर्गात मोडते. अशा पारपत्रधारकाला अधिसूचित १८ देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' कार्यालयाची मंजुरी घ्यावी लागते. संयुक्त अरब अमिरातीचा या यादीत समावेश आहे. मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता, हैदराबाद, कोची, जयपूर आणि चंदीगड यांसह अनेक शहरांत ही कार्यालये आहेत. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना त्यासाठी मुंबई गाठण्याची गरज नाही.

मंजुरीची प्रक्रिया परराष्ट्र मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट' पोर्टलवर होते. भरती एजंट नोंदणीकृत आहे किंवा नाही, त्याचा परवाना चालू आहे की निलंबित, हे याच पोर्टलवर कोणालाही तपासता येते. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून कमाल ३०,००० रुपये आणि त्यावरील वस्तू व सेवा कर एवढीच रक्कम घेता येते. शुल्क बँकेमार्फत देऊन पावती घ्यावी. रोख रकमेचा आग्रह धरणारा, पावती नाकारणारा किंवा 'तिकडे पोहोचल्यावर व्हिसा बदलून देऊ' असे आश्वासन देणारा मध्यस्थ टाळणेच श्रेयस्कर आहे.

ईसीआर वर्गातील कामगारांसाठी 'प्रवासी भारतीय विमा योजना' बंधनकारक आहे. दोन वर्षांसाठी २७५ रुपये किंवा तीन वर्षांसाठी ३७५ रुपये अधिक कर इतक्या हप्त्यात अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपयांचे संरक्षण मिळते. विम्याचा कागद कुटुंबाकडे ठेवणे आवश्यक आहे. ज्या प्रसंगी त्याची गरज भासते, त्या प्रसंगी तो कामगाराच्या खोलीत शोधत बसणे शक्य नसते. प्रस्थानपूर्व एकदिवसीय मार्गदर्शन प्रशिक्षणही शासनातर्फे विनामूल्य दिले जाते.

ईसीआर वर्गातील महिलांसाठी किमान वय ३० वर्षे असून, अशा महिलांची भरती केवळ शासनाने प्राधिकृत केलेल्या सरकारी संस्थांमार्फतच करता येते. परिचारिकांना वयाची ही अट लागू नाही. घरकामासाठी खासगी दलालामार्फत थेट पाठवण्याचा प्रस्ताव आल्यास तो नियमबाह्य समजावा.

भेट व्हिसावर काम करणे बेकायदा

अमिरातीत भेट किंवा पर्यटन व्हिसावर नोकरी शोधता येते. परंतु वर्क परमिट मिळण्यापूर्वी काम करता येत नाही. अशा व्यक्तीला कामावर ठेवणाऱ्या मालकास २०२४ च्या सुधारणेनुसार १ लाख ते १० लाख दिरहमपर्यंत दंडाची तरतूद आहे. तथापि, अशा कामगाराच्या हाती नोंदणीकृत करार नसतो, वेतनाची नोंद नसते आणि आरोग्य विमाही नसतो. वाद उद्भवल्यास स्वतःची बाजू मांडताना त्याला प्रथम स्वतःच्या बेकायदा कामाचे उत्तर द्यावे लागते. व्हिसाची मुदत संपल्यानंतर राहिल्यास प्रतिदिन ५० दिरहम दंड आकारला जातो.

वैध प्रक्रियेत प्रथम नोकरीचा प्रस्ताव, नंतर वर्क परमिट व प्रवेश परवाना, अमिरातीत पोहोचल्यावर वैद्यकीय तपासणी, 'एमिरेट्स आयडी'साठी बोटांचे ठसे आणि शेवटी निवास परवाना असा क्रम असतो. वर्क परमिट व निवास परवान्याचा खर्च, तसेच भरतीचा खर्च मालकानेच सोसावयाचा असून तो वेतनातून कापता येत नाही. वैद्यकीय तपासणीत एचआयव्ही व क्षयरोगाच्या चाचण्यांचा समावेश असतो. त्यामुळे कर्ज काढून तिकीट घेण्यापूर्वी भारतातच तपासणी करून घेणे हिताचे ठरते.

प्रस्तावपत्र व करार अरबी आणि इंग्रजीसह कामगाराला समजेल अशा तिसऱ्या भाषेत उपलब्ध करून देण्याची व्यवस्था आहे. या भाषांत हिंदीचा समावेश आहे. न समजणाऱ्या कागदावर सही करण्याऐवजी हिंदी प्रत मागून घ्यावी आणि सही केलेल्या प्रतीचे छायाचित्र कुटुंबाकडे पाठवून ठेवावे.

प्रमाणपत्रांचे साक्षांकन

पदवी, विवाह व जन्म प्रमाणपत्रे अमिरातीत ग्राह्य धरली जाण्यासाठी त्यांचे साक्षांकन करावे लागते. प्रथम संबंधित राज्य शासनाचा विभाग, नंतर परराष्ट्र मंत्रालय, त्यानंतर भारतातील अमिरातीचा दूतावास आणि अखेरीस अमिरातीचे परराष्ट्र मंत्रालय असे त्याचे टप्पे आहेत. अनेक देशांत चालणारा 'अपोस्टिल' शिक्का येथे पुरेसा ठरत नाही. पत्नी व मुलांना नंतर नेण्याचा विचार असल्यास विवाह व जन्म प्रमाणपत्रांचे साक्षांकन आधीच करून घ्यावे. अन्यथा पुढे केवळ त्या कामासाठी रजा काढून भारतात यावे लागते. पारपत्र आणि प्रमाणपत्रांवरील नावांत फरक असल्यास तोही प्रस्थानापूर्वी दुरुस्त करावा. आडनाव, वडिलांचे नाव आणि विवाहानंतर बदललेले नाव यांमुळे मराठी नावांच्या बाबतीत ही अडचण वारंवार येते.

सामानात काय न्यावे, काय नेऊ नये

भारतात सहज मिळणाऱ्या काही वस्तूंना अमिरातीत बंदी आहे. त्यात मराठी घरांना सर्वाधिक अनपेक्षित वाटणारी वस्तू म्हणजे खसखस. अफूच्या झाडाचे बी असल्याने तिची गणना प्रतिबंधित पदार्थांत होते. दिवाळीच्या फराळातील अनारशांना लावलेली खसखस किंवा मसाल्याच्या डब्यातील पुडी हीदेखील प्रवाशाला गंभीर अडचणीत आणू शकते. दुसऱ्याने दिलेले पार्सल न उघडता नेणे त्यामुळेच धोक्याचे आहे.

औषधांबाबतही दक्षता आवश्यक आहे. ट्रॅमाडॉल, कोडीन असलेली खोकल्याची औषधे, तसेच झोपेच्या व मानसिक विकारांवरील काही गोळ्या नियंत्रित यादीत आहेत. अशी औषधे न्यावयाची असल्यास अमिरातीच्या आरोग्य यंत्रणेकडून ऑनलाइन पूर्वपरवानगी घ्यावी आणि मूळ वेष्टन, डॉक्टरांची चिठ्ठी व वैद्यकीय अहवाल सोबत ठेवावेत.

कामगार कायद्यातील प्रमुख हक्क

खासगी क्षेत्रातील नोकरदारांना २०२१ चा संघराज्य कायदा क्रमांक ३३ लागू आहे. तो २ फेब्रुवारी २०२२ पासून अमलात आला. त्यातील प्रमुख तरतुदी पुढीलप्रमाणे आहेत.

• कामाचे तास दिवसाला ८ किंवा आठवड्याला ४८ पेक्षा अधिक असू नयेत.
• जादा तासांसाठी मूळ वेतनावर २५ टक्के आणि रात्री १० ते पहाटे ४ या वेळेत ५० टक्के अधिक मोबदला द्यावा लागतो. पाळीत काम करणाऱ्यांना रात्रीची तरतूद लागू नाही.
• एक वर्ष पूर्ण झाल्यावर वर्षाला ३० दिवसांची भरपगारी रजा मिळते.
• परिविक्षा काळ सहा महिन्यांपेक्षा अधिक नसावा. त्या काळात कामावरून कमी करताना मालकाने १४ दिवसांची लेखी सूचना द्यावयाची असते.
• परिविक्षा काळानंतर वर्षाला ९० दिवसांपर्यंत आजारपणाची रजा मिळू शकते. त्यातील पहिले १५ दिवस पूर्ण वेतनाचे, पुढील ३० दिवस अर्ध्या वेतनाचे व उर्वरित विनावेतन असतात.
• प्रसूती रजा ६० दिवसांची असून ४५ दिवस पूर्ण व १५ दिवस अर्धे वेतन मिळते.
• नोकरी संपल्यावर सर्व देणी १४ दिवसांच्या आत चुकती करावी लागतात.
• कामगाराची अधिकृत कागदपत्रे मालकाने स्वतःकडे अडकवून ठेवू नयेत.

उन्हाळ्यात १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी १२.३० ते ३ या वेळेत उघड्यावर, थेट उन्हात काम करून घेण्यास मनाई आहे. पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेने १,५०० दिरहमपेक्षा कमी वेतन असणाऱ्यांना निवासाची सोय करून देणे आवश्यक आहे.

घरकामगारांसाठी स्वतंत्र कायदा असून तो १५ डिसेंबर २०२२ पासून लागू आहे. त्यानुसार आठवड्याला एक सुटीचा दिवस आणि दिवसाला किमान १२ तासांची विश्रांती, त्यात सलग ८ तास, मिळणे हा त्यांचा हक्क आहे. काही मुक्त क्षेत्रांत, विशेषतः दुबई आणि अबुधाबीच्या वित्तीय केंद्रांत, रोजगाराचे वेगळे नियम आहेत. आपली कंपनी कोणत्या अधिकारक्षेत्रात नोंदलेली आहे, याची खातरजमा म्हणूनच करून घ्यावी.

मूळ वेतन आणि ग्रॅच्युइटी

करारातील एकूण वेतनाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्व मूळ वेतनाला आहे. सेवासमाप्तीची ग्रॅच्युइटी, जादा तासांचा मोबदला आणि बेरोजगारी विम्याचा लाभ हे सर्व मूळ वेतनावर ठरतात; घरभाडे किंवा प्रवास भत्ता त्यात धरला जात नाही.

किमान एक वर्ष सेवा झालेल्या पूर्णवेळ कर्मचाऱ्याला पहिल्या पाच वर्षांसाठी प्रतिवर्षी २१ दिवसांचे आणि त्यापुढील प्रत्येक वर्षासाठी ३० दिवसांचे मूळ वेतन ग्रॅच्युइटी म्हणून मिळते. एकूण रक्कम दोन वर्षांच्या वेतनापेक्षा अधिक असत नाही.

उदाहरणार्थ, दोन कामगारांचे एकूण वेतन २,५०० दिरहमच आहे. मात्र एकाचे मूळ वेतन १,५०० आणि दुसऱ्याचे १,००० दिरहम आहे. पहिल्याला वर्षाला १,०५० याप्रमाणे पाच वर्षांनंतर ५,२५० दिरहम मिळतील. दुसऱ्याला ७०० याप्रमाणे ३,५०० दिरहम मिळतील. महिन्याच्या हाती येणाऱ्या रकमेत न दिसणारा हा फरक नोकरी सोडताना समोर येतो. वेतनाची बोलणी करताना त्यामुळे एकूण आकड्याबरोबर त्याची फोडही विचारावी.

वेतन, विमा आणि थकबाकी

२००९ पासून अमिरातीत 'वेतन संरक्षण प्रणाली' लागू आहे. या प्रणालीनुसार वेतन बँक किंवा मान्यताप्राप्त एक्स्चेंज हाउसमार्फत दिले जाते आणि त्याची नोंद मंत्रालयाकडे होते. खात्यात आलेले वेतन मालकाने रोखीने परत मागणे हा गैरप्रकार आहे. अशा प्रसंगी खात्याचा उतारा आणि संदेश जपून ठेवावेत.

१ जानेवारी २०२३ पासून बेरोजगारी विमा बंधनकारक आहे. मूळ वेतन १६,००० दिरहमपर्यंत असल्यास महिन्याला ५ दिरहम, त्याहून अधिक असल्यास १० दिरहम असा हप्ता असून तो कर्मचाऱ्याने स्वतः भरावयाचा आहे. सलग १२ महिने हप्ते भरलेल्या व्यक्तीला नोकरी गेल्यास मूळ वेतनाच्या ६० टक्के रक्कम कमाल तीन महिने मिळते. राजीनामा दिल्यास किंवा शिस्तभंगामुळे काढून टाकल्यास हा लाभ मिळत नाही. नोकरी गेल्यापासून ३० दिवसांत दावा करावा लागतो आणि विमाच न घेतल्यास ४०० दिरहम दंड होतो. घरकामगार या योजनेत येत नाहीत.

आरोग्य विमा अबुधाबी व दुबईत पूर्वीपासून सक्तीचा होता. १ जानेवारी २०२५ पासून उर्वरित अमिरातींतील खासगी क्षेत्रातील कर्मचारी व घरकामगारांनाही तो लागू झाला. कर्मचाऱ्याच्या विम्याचा खर्च मालकाने करावयाचा असतो. स्वस्त योजनांत ठरावीक रुग्णालयेच समाविष्ट असतात. आपल्या कार्डावर कोणते रुग्णालय चालते, हे आजारी पडण्यापूर्वीच पाहून ठेवावे.

घर भाड्याने घेताना

दुबईत भाडेकरार 'इजारी' प्रणालीत आणि अबुधाबीत 'तौथीक' प्रणालीत नोंदवला जातो. नोंदणी नसल्यास वीज-पाणी जोडणी, कुटुंबाचा व्हिसा आणि भाडेवादातील दाद या तिन्ही बाबतींत अडथळे येतात. भाडे बहुधा वर्षाचे ठरते आणि पुढील तारखांच्या एक ते अनेक धनादेशांनी दिले जाते. अनामत म्हणून साधारणतः वार्षिक भाड्याच्या ५ टक्के, तर सुसज्ज घरासाठी १० टक्के रक्कम घेण्याचा प्रघात आहे. दुबईत वीज-पाणी देयकातून वार्षिक भाड्याच्या ५ टक्के गृहनिर्माण शुल्कही वसूल होते. पहिल्या महिन्याचा खर्च त्यामुळे अपेक्षेपेक्षा बराच अधिक होतो आणि तेवढी शिल्लक हाताशी असणे आवश्यक आहे.

दुबईत नूतनीकरणाच्या वेळी अटी बदलावयाच्या असल्यास घरमालकाने वा भाडेकरूने ९० दिवस आधी कळवावे लागते. घर विकण्यासाठी किंवा स्वतः राहण्यासाठी रिकामे करून हवे असल्यास मालकाने नोटरी अथवा नोंदणीकृत टपालाने १२ महिन्यांची सूचना द्यावयाची असते.

अल्प उत्पन्न असलेले अनेक जण 'बेड स्पेस', म्हणजे सामायिक खोलीतील केवळ एक खाट, भाड्याने घेतात. अशी सोय घेताना मूळ भाडेकरूला पोटभाड्याने देण्याची परवानगी आहे काय आणि आपली नोंद सहनिवासी म्हणून होणार काय, हे विचारावे. विनापरवाना लाकडी किंवा जिप्समचे पडदे उभारून केलेल्या खोल्यांवर कारवाई होते आणि त्यात राहणाऱ्यांना ऐन वेळी घर सोडावे लागते. आगीच्या दृष्टीनेही त्या धोकादायक असतात.

कुटुंब, मुले आणि शिक्षण

कुटुंबाला निवास परवान्यावर नेण्यासाठी सामान्यतः ४,००० दिरहम वेतन किंवा ३,००० दिरहम व निवासाची सोय ही किमान अट आहे. अमिरातीत केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या अभ्यासक्रमाच्या अनेक शाळा असून त्यांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. भारतात परतण्याची शक्यता असलेल्या कुटुंबांसाठी ही सोय उपयुक्त ठरते. शाळा सोडल्याचा दाखला मात्र परतताना साक्षांकित करून आणावा.

तेथे जन्मलेल्या बाळाचा निवास परवाना १२० दिवसांत काढावा लागतो. वंशपरंपरेने भारतीय नागरिकत्व मिळण्यासाठी जन्माची नोंद एक वर्षाच्या आत भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावासात करणे आवश्यक आहे.

बँक, कर आणि मतदान

परदेशात नोकरीसाठी गेलेल्या व्यक्तीने भारतातील सामान्य बचत खाते 'एनआरओ' खात्यात रूपांतरित करून घ्यावयाचे असते. परदेशातील कमाई भारतात ठेवण्यासाठी 'एनआरई' खाते उघडता येते. त्यावरील व्याज अनिवासी व्यक्तीला भारतात करमुक्त असते आणि रक्कम परत परदेशी नेता येते. एनआरओ खात्यातील व्याजावर कर लागतो. अनिवासी व्यक्तीला नवे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी खाते उघडता येत नाही. जुने खाते मुदतपूर्तीपर्यंत चालू ठेवता येते.

दिरहमचा दर १९९७ पासून एका डॉलरला ३.६७२५ असा स्थिर असल्याने रुपयात मिळणारी रक्कम रुपया-डॉलर दरानुसार बदलते. पैसे बँक किंवा परवानाधारक एक्स्चेंज हाउसमार्फतच पाठवावेत. हवाला बेकायदा आहे आणि त्यातील बुडालेल्या पैशांसाठी दाद मागता येत नाही.

अमिरातीत वैयक्तिक प्राप्तिकर नसला तरी २०१८ पासून ५ टक्के मूल्यवर्धित कर आहे. भारतातील घरभाडे, व्याज किंवा शेअर व्यवहारांतील नफा यांवर भारतातच कर भरावा लागतो.

कर्जाबाबत अनेकांचा गैरसमज असतो. अमिरातीतील कर्ज बुडवून भारतात परतल्यास प्रकरण संपते, असे समजले जाते. १७ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने भारताने अमिरातीला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४ अ खाली समाविष्ट केले असून, तेथील निर्दिष्ट न्यायालयांच्या दिवाणी हुकूमनाम्यांची अंमलबजावणी आता भारतातील जिल्हा न्यायालयांमार्फत करता येते.

परदेशी वास्तव्यातही मतदानाचा हक्क कायम राहतो. पारपत्रावरील पत्त्याच्या मतदारसंघात नमुना '६ अ' भरून नाव नोंदवता येते. मतदान मात्र प्रत्यक्ष उपस्थित राहूनच करावे लागते.

सार्वजनिक जीवनातील दक्षता

परवानगीशिवाय इतरांचे छायाचित्र काढून प्रसारित करणे, समाजमाध्यमांवर किंवा खासगी संदेशातही शिवीगाळ करणे आणि अधिकृत मान्यतेविना देणग्या गोळा करणे हे अमिरातीत गुन्हे ठरू शकतात. आजारी मित्रासाठी सद्हेतूने काढलेली वर्गणीदेखील यास अपवाद नाही. त्यासाठी परवानाधारक धर्मादाय संस्थेची मदत घ्यावी. मद्यप्राशन करून वाहन चालवण्याबाबत कोणतीही सवलत नाही आणि शारजामध्ये मद्यबंदी आहे. दुबई मेट्रोत खाणे-पिणे निषिद्ध असून त्यासाठी १०० दिरहम दंड आहे. व्हॉट्सॲपवरील ध्वनी व चित्र कॉल तेथे सामान्यतः चालत नाहीत. घरच्यांशी बोलण्यासाठी 'बोटिम'सारखी परवानाप्राप्त ॲप वापरली जातात. गावाकडील वृद्ध आई-वडिलांच्या फोनवर ती निघण्यापूर्वीच बसवून द्यावीत.

अडचण आल्यास दाद कोठे मागावी

वेतन किंवा करारासंबंधी तक्रार प्रथम मनुष्यबळ व अमिरातीकरण मंत्रालयाकडे करावयाची असते. मंत्रालयाचे ॲप किंवा ६००५९०००० या क्रमांकावर ती नोंदवता येते. ५०,००० दिरहमपर्यंतच्या दाव्यांवर मंत्रालयालाच निर्णय देण्याचा अधिकार आहे. त्यापुढील वाद सलोखा न झाल्यास न्यायालयाकडे जातात. २०२४ च्या सुधारणेनुसार दावा करण्याची मुदत नोकरी संपल्यापासून दोन वर्षे आहे. तातडीच्या प्रसंगी पोलिसांसाठी ९९९, रुग्णवाहिकेसाठी ९९८ आणि अग्निशमनासाठी ९९७ हे क्रमांक आहेत.

भारतीय यंत्रणांमध्ये अबुधाबी अमिरातीसाठी तेथील भारतीय दूतावास, तर दुबई व उत्तरेकडील अमिरातींसाठी दुबईतील महावाणिज्य दूतावास कार्यरत आहे. दुबई आणि शारजा येथे प्रवासी भारतीय सहायता केंद्रे असून त्यांचा अमिरातीतील विनाशुल्क क्रमांक ८००४६३४२ आहे. भारतातून कुटुंबीयांना १८००११३०९० या विनाशुल्क क्रमांकावर संपर्क साधता येतो. २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवून तिचा पाठपुरावाही करता येतो.

दूतावासांकडे २००९ पासून 'भारतीय समुदाय कल्याण निधी' आहे. अडकून पडलेल्या गरजू भारतीयांना तात्पुरता निवास, परतीचे विमान तिकीट, कायदेविषयक साहाय्य, तातडीचे उपचार आणि पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्च यांसाठी आर्थिक निकषांवर त्यातून मदत दिली जाते. ही मदत मागणाऱ्याला मिळते. त्यासाठी दलालाची गरज नाही आणि तिच्यासाठी कोणी पैसे मागत असल्यास ती फसवणूक समजावी.

कामगाराचा मृत्यू झाल्यास पार्थिव तयार करून मायदेशी पाठवण्याचा खर्च कायद्याने मालकावर आहे. त्याची थकीत देणी व ग्रॅच्युइटी वारसांना मिळते. पार्थिव भारतात आणण्याच्या परवानगीसाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२३ मध्ये 'ई-केअर' पोर्टल सुरू केले आहे. तेथे मालमत्ता असलेल्या बिगरमुस्लिम नागरिकांना इच्छापत्र नोंदवण्याची सोय असून, कुटुंबवत्सल व्यक्तींनी तिचा लाभ घेणे इष्ट ठरते.

परतताना

नोकरी संपवून परतताना व्हिसा रद्द करण्याच्या कागदावर सही करावी लागते. 'सर्व देणी मिळाली' अशी कबुली त्यात असते. म्हणून रक्कम हाती आल्यावर किंवा खात्यात जमा झाल्याची खात्री झाल्यावरच ही सही करावी. अंतिम हिशेब मिळेपर्यंत बँक खाते चालू ठेवावे. त्यानंतर कर्ज, क्रेडिट कार्ड, दूरध्वनी व वीजजोडणी बंद करून तसा दाखला घ्यावा. अनुभव प्रमाणपत्र आणि पोलिसांचा चारित्र्य दाखला तेथूनच आणल्यास पुढील नोकरीसाठी उपयोग होतो.

पारपत्र, करार, एमिरेट्स आयडी, विमा आणि वेतनाचा उतारा या पाच कागदांच्या प्रती कामगाराजवळ आणि घरच्यांजवळ अशा दोन्ही ठिकाणी असाव्यात. मंत्रालयातील तक्रार असो, न्यायालयातील दावा असो वा दूतावासाकडे मागितलेली मदत असो, पहिली विचारणा याच कागदांची होते.